भरपावसात विंटेज गाड्यांचे फोटो: मैदानावर उतरण्यापासून कॅमेरा सुकवण्यापर्यंत

आपल्याकडे जुन्या गाड्यांचे मेळावे बहुतेक हिवाळ्यात भरतात, कारण कोणत्याच मालकाला आपली गाडी भिजवायची नसते. तरी अवकाळी सर येते, कधी परतीचा पाऊस रेंगाळतो आणि बरोबर रविवारी सकाळी मैदान गाठतो. मग निम्मे फोटोग्राफर कॅमेरा बॅगेत घालून मंडपात चहा घेत उभे राहतात. गाड्यांचे सर्वांत देखणे फोटो मिळायची वेळ मात्र तीच असते.

कारण सोपं आहे. जुन्या गाडीचं सौंदर्य तिच्या वळणांत असतं: फुगीर मडगार्ड, लांबलचक बॉनेट, पाठीकडे उतरत गेलेलं छत. कडक उन्हात या वळणांवर सूर्याचा एक पांढरा डाग पडतो आणि मडगार्डखाली काळोख. ढगाळ आभाळ म्हणजे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेला एकच मऊ दिवा. तो पत्र्यावर हळूहळू उजळत आणि मावळत जातो, म्हणून वळण डोळ्याला कळतं. त्यात पत्रा ओला असेल तर तो आरसाच होतो. पावसात तुमची खरी कामं दोन आहेत: भिंग कोरडं ठेवायचं, आणि त्या आरशात काय दिसू द्यायचं ते ठरवायचं.

## आदल्या रात्रीची तयारी

सामान थोडकं घ्या. पावसात बॅग जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा पाणी आत जातं. एका बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) २४-७० किंवा २४-१०५ मिलिमीटरचा झूम पुरतो. दुसरी बॉडी असेल तर तिच्यावर ७०-२०० लावूनच घरातून निघा. मैदानात लेन्स बदलायची वेळ आलीच तर मंडपात किंवा बंद गाडीत बदला. छत्रीखाली बदलू नका, वाऱ्याबरोबर तुषार आडवे येतात.

सोबत हे असू द्या:

- लेन्सचं हूड, म्हणजे भिंगापुढे बसणारं नळकांडं. पावसात याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.
- सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे प्रतिबिंबं कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर.
- मायक्रोफायबर फडकी किमान ५, प्रत्येक वेगळ्या झिपच्या पिशवीत. एकाच पिशवीत ठेवली तर एक भिजलं की सगळी भिजतात.
- जुना, धुऊन मऊ झालेला सुती पंचा. मायक्रोफायबर भिंगासाठी राखून ठेवा, बॉडीवरचं पाणी टिपायला पंचा.
- हाताने दाबायचा ब्लोअर.
- २ जादा बॅटऱ्या, शर्टाच्या आतल्या खिशात.
- जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्या, १२ बाय १८ इंची, ४ तरी. रबरबँड ६.
- गुडघा टेकायला ताडपत्रीचा दोन-तीन फुटांचा तुकडा.
- पांढऱ्या थर्माकोलचा २ बाय ३ फुटांचा तक्ता.

रेनकोट काळा किंवा करडा घ्या. पिवळा, लाल, नारिंगी रेनकोट घालून गेलात तर प्रत्येक हेडलाइटच्या वाटीत, प्रत्येक हबकॅपवर आणि बंपरवर तुमचा रंगीत ठिपका उमटेल, आणि एडिटिंगमध्ये तो काढता काढता जीव मेटाकुटीला येईल. छत्रीचंही तेच: रंगीत छत्री बॉनेटवर स्वतःचा रंग सांडते. काळीच न्या.

## कॅमेऱ्याचा रेनकोट घरच्या घरी

विकतचं कव्हर असेल तर उत्तम. नसेल तर पिशवीचं करा, दहा मिनिटांचं काम आहे.

१. पिशवीच्या बंद बाजूला मधोमध गोल कापा. भोक हूडच्या व्यासापेक्षा सुमारे २ सेंटीमीटर लहान ठेवा, म्हणजे प्लॅस्टिक ताणून घट्ट बसेल.

२. कॅमेरा पिशवीच्या तोंडातून आत घाला आणि हूड भोकातून बाहेर काढा.

३. हूडवर रबरबँडचे दोन वेढे द्या. प्लॅस्टिकची कड हूडच्या पुढच्या काठापासून किमान १ सेंटीमीटर मागे हवी. ती पुढे सरकली तर २४ मिलिमीटरला कोपऱ्यात धूसर पांढरट पट्टा येतो आणि घरी पोहोचेपर्यंत लक्षातही येत नाही.

४. व्ह्यूफाइंडरचं रबर निघत असेल तर ते काढा, तिथे प्लॅस्टिकला लहान चीर द्या आणि रबर प्लॅस्टिकवरून परत बसवा. निघत नसेल तर पिशवीच्या उघड्या तोंडातून डोळा लावा.

५. पिशवीचं तोंड खाली लोंबत ठेवा. हात तिथूनच आत जातो, पट्टा तिथूनच बाहेर येतो.

पिशवी खालून बांधून घट्ट बंद करायचा मोह होतो. करू नका. हाताची ऊब आणि श्वासाची वाफ आत कोंडते, अर्ध्या तासात व्ह्यूफाइंडर पांढरा होतो आणि बटणांवर दव बसतं.

‘वेदरसील्ड’ असं लिहिलेल्या कॅमेऱ्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नका. बॉडी सीलबंद आणि लेन्स साधी असेल तर दोघांच्या सांध्यातून पाणी जातं. शिवाय लांब-आखूड होणारा झूम पंपासारखा हवा आत ओढतो. नळीवर थेंब असताना झूम आत घेतला तर तेही सोबत जातात. म्हणून झूम आत घेण्याआधी दर वेळी पंचा फिरवा. फ्लॅश लावायच्या खाचेवरचं छोटं प्लॅस्टिकचं झाकणही जागेवर आहे ना ते बघा.

## मैदानावर पोहोचल्यावर पहिली वीस मिनिटं

एसी गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की भिंगावर वाफ धरते. पुसली तर परत येते, कारण थंड काचेवर हवेतली ओल साचतच राहते. पोहोचण्याच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा, खिडक्या थोड्या उघडा. उतरल्यावर कॅमेरा बंद बॅगेतच वीस ते तीस मिनिटं राहू द्या.

तोवर रिकाम्या हाताने मैदान फिरून घ्या. कोणती गाडी मोकळ्यात आहे, कोणाच्या मागे बॅनर आणि जनरेटर आहे, डबकी कुठे साचलीत, वारा कुठून येतोय. वाऱ्याकडे पाठ करून कोणत्या गाड्या घेता येतील त्या मनात नोंदवा. तोंडावर पाऊस घेत काम करायचं म्हटलं तर दर दोन फोटोंमागे भिंग पुसावं लागतं.

## सुरुवातीची सेटिंग्ज

रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), अॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा), छिद्र एफ ८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० ते ८००. दाट ढगांत शटर १/१२५ सेकंदाच्या खाली घसरू लागलं तर आयएसओ १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा. थोडा दाणा चालतो, हललेला फोटो चालत नाही. पावसात ट्रायपॉड उभा करून गर्दीची वाट अडवण्यात अर्थ नाही.

फोकससाठी एकच बिंदू निवडा. ऑटो एरियावर सोडलं तर कॅमेरा कधी पडणाऱ्या थेंबावर, कधी काचेवरच्या ओघळावर फोकस धरतो.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ ठेवायचा ते, गाडीच्या रंगावर ठरतं. काळ्या गाडीने चौकट भरली की मीटर तिला करडं करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर उणे २/३ ते उणे १ स्टॉप करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पांढऱ्या किंवा मोतिया गाडीला अधिक २/३ ते अधिक १. तपकिरी-लाल गाडीला फारसं काही लागत नाही, पण लाल चॅनेलचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा. ओल्या पत्र्यावरचा लाल रंग इतर दोन रंगांच्या आधी जळतो, म्हणजे त्यातले तपशील जातात.

सर्वांत अवघड काळी-पिवळी पद्मिनी. खाली काळं, वर पिवळं, त्यावर पांढऱ्या आभाळाचं प्रतिबिंब. पिवळ्या छताचे तपशील टिकतील इतकंच एक्स्पोजर ठेवा आणि काळा भाग नंतर रॉमधून वर काढा. छत एकदा पांढरं पडलं की परत मिळत नाही. ही गाडी वेळ देऊनच टिपावी: वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. आता ती अशा मैदानांवरच भेटणार.

व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग) ‘क्लाउडी’वर ठेवून मोकळ्यात काम भागतं. मंडपात भागत नाही. लाल-पिवळ्या कापडाखाली पांढरी गाडी केशरी दिसते, निळ्या ताडपत्रीखाली आजारी. अशा जागी गाडीच्या बॉनेटशेजारी करडं कार्ड धरून एक फोटो घेऊन ठेवा आणि घरी त्यावरून रंग जुळवा.

## पत्र्यातला आरसा

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा.

गाडीसमोर उभे राहा आणि कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी नुसता पत्रा बघा. दारावर काय दिसतंय? मंडपाचे खांब, माणसांचे पाय, शेजारच्या गाडीचं लाल मडगार्ड, ‘स्वागत’चा उलटा फलक. डोळा या गोष्टी गाळून गाडी बघतो. कॅमेरा काहीच गाळत नाही. आता गुडघे वाकवत हळूहळू खाली बसा आणि दारावरची प्रतिबिंबं कशी सरकतात ते पाहा. एका विशिष्ट उंचीला क्षितिजाची रेष दाराच्या मधल्या घडीवर येऊन बसते: वर आभाळाचं उजळ प्रतिबिंब, खाली जमिनीचं गडद. ती रेष पुढच्या मडगार्डपासून मागच्यापर्यंत न तुटता वाहिली की गाडीचा आकार एका ओळीत लिहिल्यासारखा दिसतो. बहुतेक जुन्या गाड्यांना ही उंची जमिनीपासून ६० ते ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण हेडलाइटच्या पातळीत सापडते. ताडपत्रीचा तुकडा त्यासाठीच आणलाय.

मग एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे. पुष्कळदा एवढ्याने खांब दारावरून निसटून दोन दारांच्या फटीत जातो आणि दिसेनासा होतो.

यानंतर पोलरायझर. त्याच्याविषयी गैरसमज फार आहेत, म्हणून नीट सांगतो. पोलरायझर रंगावरचं, काचेवरचं आणि पाण्यावरचं प्रतिबिंब कमी करतो. क्रोमवर त्याचं जवळजवळ काही चालत नाही, कारण उघड्या धातूवरून परतणारा प्रकाश तसा ध्रुवीकृत होत नाही. रंगावरही तो ठरावीक कोनालाच पूर्ण काम करतो: तुमची नजर पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन करते तेव्हा. गाडीच्या बाजूकडून बघता हा कोन नेमका तीन-चतुर्थांश फोटोच्या (गाडीचा पुढचा भाग आणि बाजू दोन्ही दिसतील अशा) जागेजवळ येतो, म्हणून तिथे दार एकदम खोल आणि रंगाने भरलेलं दिसतं. बॉनेट मात्र आडवं असतं. पाच-सहा मीटरवरून तुम्ही त्याला जेमतेम दहा अंशांनी बघता, त्यामुळे फिल्टर कितीही फिरवला तरी बॉनेटवरचं आभाळ जात नाही. त्यात फिल्टरचा दोष नाही.

फिल्टर शेवटपर्यंत फिरवायची सवय सोडा. सगळं प्रतिबिंब काढलं तर पत्रा प्लॅस्टिकसारखा निर्जीव दिसतो. आधी पूर्ण परिणाम दिसेपर्यंत फिरवा, मग थोडा मागे आणा: दारावरचे पाय पुसट व्हावेत, पण मडगार्डच्या वळणावरची उजळ कड राहावी. एकाच जागेवरून दोन-तीन स्थितींत फोटो घ्या. पोलरायझर सव्वा ते दोन स्टॉप प्रकाश खातो, तेव्हा शटर किती झालं ते पुन्हा तपासा. २४ मिलिमीटरसारख्या रुंद कोनात एकच दार अर्धं गडद, अर्धं फिकं होऊ शकतं. आणि कडक केलेल्या काचेच्या खिडक्यांवर त्यातून जाळीदार ठिपके किंवा इंद्रधनुषी पट्टे दिसतात. तसं झालं तर फिल्टर सरळ काढून ठेवा.

साधा यूव्ही फिल्टर आणि पोलरायझर एकावर एक चढवू नका. मध्ये ओल अडकते आणि ती मैदानावर काढता येत नाही.

## पूर्ण गाडीचा फोटो, पायरीपायरीने

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे जवळ जाऊन २४ मिलिमीटरने किंवा मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने घेतलेला फोटो. जवळचा हेडलाइट भोपळ्याएवढा होतो, मागचं चाक आक्रसतं, आणि ज्या प्रमाणबद्धतेसाठी ती गाडी आजवर जपली तीच हरवते.

१. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ७० मिलिमीटर लावा, क्रॉप (लहान) सेन्सरवर ४५ ते ५०. पद्मिनी किंवा फियाट ११०० सुमारे ३.९ मीटर लांब आहे; तिच्यासाठी ९ मीटर मागे जा. पाच मीटरहून लांब अमेरिकन गाडीला ११-१२ मीटर लागतात. गर्दीत एवढी जागा मिळत नसेल तर ५० मिलिमीटर आणि ७ मीटर. त्याहून रुंद जाण्यापेक्षा पूर्ण गाडीचा नाद सोडून अर्धी गाडी घेतलेली बरी.

२. पुढच्या कोपऱ्यासमोर उभे राहा, मग बाजूकडे थोडं सरका, म्हणजे बाजूचा भाग पुढच्यापेक्षा जरा जास्त दिसेल.

३. मालकाला विनंती करता आली तर पुढची चाकं किंचित वळवून घ्या, चाकाचा चेहरा तुमच्याकडे येईल असं. तारांचं चाक असेल तर हे केलंच पाहिजे.

४. फोकस पुढच्या चाकाच्या आसपास. ९ मीटरवर ७० मिलिमीटरला एफ ५.६ सुद्धा पुरतं: साधारण ७ पासून १३ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट राहतं. प्रकाश कमी असेल तर एफ ८ चा हट्ट नको.

५. छताच्या रेषेमागे काय आहे ते बघा. छतातून उगवलेला विजेचा खांब पावसाच्या गडबडीत हमखास सुटतो.

६. ओली जमीन गडद असते आणि खालून प्रकाश परत पाठवत नाही, त्यामुळे बंपरखाली आणि चाकाच्या कमानीत काळोख साचतो. थर्माकोलचा तक्ता चौकटीच्या जरा बाहेर, पुढच्या बंपरसमोर जमिनीलगत तिरपा धरा. ग्रिलच्या खालच्या पट्ट्या लगेच उघडतात. सोबत कोणी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या. वाऱ्यात तक्ता सुटा ठेवू नका, उडून पत्र्यावर आपटेल.

## पाऊस फोटोत दिसावा कसा

डोळ्यांना धो-धो दिसणारा पाऊस फोटोत पुष्कळदा येतच नाही. कारण थेंब पारदर्शक आहेत. मागून प्रकाश आणि पलीकडे गडद पार्श्वभूमी मिळाली तरच ते चमकतात. पांढऱ्या आभाळासमोर पाऊस अदृश्य होतो. गडद झाडी, काळी गाडी किंवा मंडपाचं अंधारं तोंड पार्श्वभूमीला घ्या आणि उजेडाच्या दिशेला तोंड करा.

शटरचा हिशेब असा: २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो. १/६० ला तो चौकटीत १०-११ सेंटीमीटरची रेघ ओढतो, १/१२५ ला पाचेक सेंटीमीटरची, १/५०० ला सव्वा सेंटीमीटरची. धार दिसावी असं वाटत असेल तर १/६० ते १/१२५, टपोरे थेंब हवे असतील तर १/१००० च्या पुढे. १/२५० ला दोन्ही नीट जमत नाही.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद ठेवा. तो भिंगाजवळचे थेंब उजळतो आणि चौकटभर पांढरे गोळे येतात. सुटा फ्लॅश असेल तर तो पारदर्शक पिशवीत बांधून गाडीच्या मागे दोन मीटरवर, कॅमेऱ्याकडे तोंड करून, १/१६ शक्तीवर लावा, गाडीने तो झाकला जाईल असा. छताच्या कडेवरून उडणारे तुषार सोन्यासारखे उजळतात.

विजा होत असतील तर हे सगळं थांबवा. मोकळ्या मैदानात उघडी छत्री किंवा स्टँड धरून उभं राहू नका, झाडाखालीही नको. बंद गाडीत बसा.

## उघडीप झाल्यावरची दहा मिनिटं

सर थांबते आणि लोक अजून मंडपात असतात. जमीन काळी आणि चकचकीत, पत्र्यावर थेंब ताजे, वारा पडलेला. सगळ्या दिवसातली हीच दहा-पंधरा मिनिटं सोन्याची आहेत. कारण लगेच मालक फडकं घेऊन बाहेर येतात, आणि त्यांनी यायलाच हवं. जुन्या रंगावर पाणी वाळू दिलं तर डाग राहतात, रबरांच्या फटीतून आत झिरपलेल्या पाण्याने पत्रा गंजतो. तेव्हा त्यांना थांबवू नका, एक मिनिट मागा: “काका, बॉनेट पुसायच्या आधी एकच मिनिट देता का? थेंबांचे दोन फोटो घेतो, मग मीही पुसायला हात लावतो.” हात लावायचा तो त्यांनी फडकं दिलं तरच. आपल्या गळ्यातला कॅमेरा, पट्ट्याचं बक्कल, रेनकोटची चेन, यांतलं काहीही पत्र्याला लागता कामा नये. चेन आतल्या बाजूला दुमडा आणि कॅमेरा पाठीवर घ्या. आणि फोटोसाठी गाडीवर मुद्दाम पाणी शिंपडायला कधीही सांगू नका.

थेंबांसाठी मॅक्रो किंवा जवळून फोकस होणारी लेन्स घ्या. मेण लावलेल्या पत्र्यावर पाणी गोल मण्यांसारखं उभं राहतं, मेण उतरलेल्या पत्र्यावर ते पसरून सपाट होतं. मणी हवेत तर मेण लावलेली गाडी शोधा. रेडिएटरच्या टोपणावरची मूर्ती हा नेहमीचा आवडता विषय: रोल्स-रॉइसची पंख पसरलेली बाई, १९११ साली चार्ल्स साइक्स यांनी घडवलेली, तिच्या मागे वाऱ्यावर फुगलेल्या झग्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत असतो. त्या थेंबात समोरचं सगळं दृश्य उलटं दिसतं. मूर्तीच्या मागे शेजारची रंगीत गाडी येईल असे सरका, थेंबात तोच रंग उतरतो. एकास एक आकारात (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटेल इतक्या जवळून) एफ ११ ला सुद्धा जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर खोलीच स्पष्ट मिळते, म्हणून श्वास रोखून सलग आठ-दहा फोटो घ्या, एखादा नेमका लागतो.

डबक्यांचंही हेच. प्रतिबिंब हवं असेल तर पोलरायझर काढा आणि कॅमेरा पाण्यापासून हातभरसुद्धा वर ठेवू नका, दहा-पंधरा सेंटीमीटर पुरे. कॅमेऱ्याचा पडदा बाहेर उलगडणारा असेल तर जमिनीवर झोपावं लागत नाही. फोकस गाडीवर ठेवा, पाण्याच्या काठावर नको. डबक्यातलं प्रतिबिंब नको असेल तर उभे राहा: दीड मीटर उंचीवरून बघताना साधारण दोन मीटरवरचं पाणी पोलरायझर पूर्ण पारदर्शक करतो. अर्थात मग चिखल दिसतो.

## धावत्या गाड्या

रॅली सुरू झाली की शटर प्रायॉरिटीवर (शटरचा वेग तुम्ही ठरवता) या. ताशी ३० किलोमीटरला चालणाऱ्या गाडीचं चाक १/६० सेकंदात साधारण २३ अंश फिरतं, आरे सुंदर विरघळतात. १/५०० ला ते तीन अंशही फिरत नाही आणि गाडी रस्त्यावर उभी केल्यासारखी दिसते. ताशी दहाच्या वेगाने जाणाऱ्या अगदी जुन्या गाडीला तोच परिणाम १/२० ला मिळतो. कमरेतून वळा, पाय गाडी जिथे टिपायची त्या दिशेला रोवा, बटण दाबल्यावरही वळणं थांबवू नका. दहांतले दोन जमले तरी चांगलं.

पाणी उडवणारं चाक हवं असेल तर डबक्याच्या पुढे, गाडी येते त्या बाजूला तिरपं उभे राहा, पाच-सहा मीटर दूर, ७०-२०० ने. ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगू नका. जुने ब्रेक ओले झाले की नीट पकडत नाहीत.

वायपरचा फोटोही घ्या. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या अनेक गाड्यांचे वायपर विजेवर चालत नाहीत, इंजिन हवा ओढतं त्या निर्वातावर चालतात. अॅक्सिलरेटर दाबला की ते मंदावतात, पाय उचलला की पळतात. गाडी जागेवर सुरू असताना १/८ ते १/१५ ला काचेवर पंखा उघडल्यासारखा आकार येतो आणि आतला चेहरा स्थिर राहतो.

लंडनजवळ राहणाऱ्या मराठी मंडळींना तर पावसाची वाट बघावी लागत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हाइड पार्कहून ब्रायटनला जाणाऱ्या जुन्या गाड्यांच्या फेरीत १९०५ च्या आधी बनलेल्या गाड्या येतात. ब्रिटनमध्ये १८९६ साली मोटारींवरची जाचक वेगमर्यादा सैल करणारा कायदा आला, त्याच्या आनंदात त्या वर्षी १४ नोव्हेंबरला पहिली फेरी निघाली होती. अंतर सुमारे ६० मैल. बहुतेक गाड्यांना ना छत, ना पुढची काच. माणसं मेणकापडात गुंडाळून, चष्म्यावरचं पाणी बोटाने निपटत चालवतात. तिथे गाडीपेक्षा माणसांवर फोकस ठेवा. निघायची वेळ सूर्योदयाची, म्हणजे प्रकाश अगदी कमी: आयएसओ ३२००, एफ ४, आणि पितळी दिवे चौकटीत येतील अशी जागा. चढावर उभे राहिलात तर गाड्या आणखी हळू येतात आणि कधी खाली उतरून ढकलणारी माणसंही मिळतात.

## मोबाइल असेल तर

मुख्य कॅमेऱ्याऐवजी दोन किंवा तीन पटीचा कॅमेरा निवडा आणि मागे जा. ओल्या पडद्याला बोट कळत नाही, म्हणून आवाजाच्या बटणाने फोटो घ्या. दर फोटोआधी कॅमेऱ्याची काच पुसा. शर्टाच्या ओल्या बाहीने पुसली की दिव्यांभोवती धुकट रेघा येतात. पोर्ट पूर्ण वाळल्याशिवाय चार्जर लावू नका.

## भिंगावर थेंब बसला तर

पडद्यावर लहान फोटोत कळत नाही. एखादा भाग धुरकट, गोलसर आणि उजळ दिसला तर मोठा करून बघा. दर पाच-सहा फोटोंनी भिंग तपासा, मध्ये कॅमेरा कायम खाली तोंड करून धरा. थेंब दिसला तर आधी ब्लोअर मारा, मग फडक्याचा कोपरा नुसता टेकवून पाणी शोषू द्या, शेवटी मधून बाहेर गोल पुसा. थेट घासलं तर पाणी पसरतं आणि धूळ असेल तर ओरखडा पडतो. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ धरते.

## घरी आल्यावर

बॅटरी आणि कार्ड काढा, सगळी झाकणं उघडी ठेवा, पट्टा वेगळा करा, बॅग रिकामी करून उलटी टांगा. ओली बॅग बंद कपाटात ठेवली की आठवड्यात भिंगावर बुरशीची सुरुवात होऊ शकते, कोकण-मुंबईच्या हवेत तर नक्कीच. कॅमेरा पंख्याखाली चार तास, हेअर ड्रायर अजिबात नाही. मग हवाबंद डब्यात ५० ग्रॅमच्या दोन सिलिका जेल पिशव्यांसोबत रात्रभर. डब्यात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलंत तर ४० ते ५० टक्के हे प्रमाण धरा. तांदळात कॅमेरा पुरू नका, त्याची भुकटी फटीत शिरते.

एडिटिंगमध्ये आधी व्हाइट बॅलन्स, मग काळा बिंदू थोडा खाली. धुकटपणा काढणारी पट्टी १० ते १५ च्या पुढे नेली की पाऊसच निघून जातो. क्रोममधला स्वतःचा ठिपका पुसा. पत्र्यावरचे थेंब, चिखलाचे शिंतोडे, चाकाला चिकटलेलं गवत तसंच राहू द्या.

फोटोखाली गाडीचं नाव, मॉडेल आणि साल मालकाला विचारूनच लिहा. शोमध्ये सगळ्यालाच विंटेज म्हणतात, पण जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० च्या गाड्या. आपल्याकडच्या २०२१ च्या नियमात मात्र पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षं झालेली, मूळ सांगाडा-बॉडी-इंजिन न बदललेली गाडी विंटेज ठरते आणि तिच्या नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. तो नंबर फोटो टाकण्याआधी झाकायचा का, हेही मालकालाच विचारा. आणि ज्यांनी पुसायच्या आधी एक मिनिट दिलं, त्यांना त्या थेंबांचा फोटो मोठ्या आकारात त्याच आठवड्यात पाठवून द्या.